म्यूटवर बोललेलं

अन्याय झाला तो आमच्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या पातूरच्या ताईवर. झाला यंदाच्या अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, अकोल्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टींत मागाहून लोक म्हणतात की नेमकं काय झालं कोणास ठाऊक, दोन बाजू असतात. असतात ना. एका बाजूला एचआरच्या मॅडम, नवे साहेब, एक लॅपटॉप आणि टाइप करून ठेवलेलं पत्र होतं. दुसऱ्या बाजूला ती होती, आणि तिला खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

आम्ही ज्या हॉलमध्ये बसायचो त्याला आम्ही कंपनी म्हणायचो. खरी कंपनी म्हणजे फ्रिज बनवणारी, ती दूर मोठ्या शहरात. तिनं ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम आमच्या मालकाला ठेक्यानं दिलेलं. कुणाचा फ्रिज थंड करेनासा झाला की तो माणूस पावतीवरचा नंबर फिरवतो, आणि फोन वाजतो अकोल्यात. 'मॅडम, तुम्ही कुठून बोलताय' असं त्यानं विचारलं तर 'कंपनीतून' एवढंच सांगायचं. अकोला म्हणायचं नाही. आम्ही कुठेच नव्हतो, असा नियम होता.

मी बडनेऱ्याची. वडील शिक्षक. बी.ए. झाल्यावर स्पर्धा परीक्षेचं पाहता पाहता ही नोकरी धरली आणि सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायला लागले. ताई पातूरहून एसटीनं यायची. शेतकऱ्याच्या घरातली थोरली सून, मुलगी पाचवीला. त्या घरातून बाहेर पडून पगार आणणारी ती पहिलीच बाई. सुरुवातीला सासऱ्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं, मग तेच तिला गाडीवर बसवून स्टँडवर सोडायला लागले. हे ती मला इतक्यांदा सांगायची की मी तिला चिडवायचे, 'ताई, सासऱ्यांचा पुतळाच बसव स्टँडवर.' ती म्हणायची, 'बसवतोच ना. तुयासारखीले काय समजते, तुले कोनी अडवलंच नाई कधी.'

आमच्या कामात म्यूट नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की आपला आवाज ग्राहकाला जात नाही. ग्राहक फ्रिजच्या मागे वाकून मॉडेल नंबर शोधत असतो, 'एक मिनिट हं' म्हणून आतून चष्मा आणायला गेलेला असतो, तेवढ्यात आपण बटण दाबून शेजारच्याशी बोलतो. कामावरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या टीम लीडरनं, म्हणजे आम्ही ज्यांना दादा म्हणायचो त्यांनी, नव्या सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. 'पाहा, ग्राहकासमोर पुस्तकी मराठी. जी सर, जी मॅडम. अन् म्यूट दाबलं का तुमी आपल्या घरी. तिथं मी बी काही म्हननार नाई.' त्यांनी शब्द पाळला. आठ तास कानात लोकांचा राग भरून घेणारी माणसं त्या अर्ध्या-पाऊण मिनिटावर जगत होती, हे त्यांना माहीत होतं. ते स्वतः कधीकाळी तिथेच बसले होते.

त्या हॉलमधलं खरं आयुष्य म्यूटवरच चालायचं.

'आज डब्यात काय व?'

'भरीत.'

'मायासाठी आनलं का?'

'तुयासाठी निस्ता वास. घे.' आणि बटण सोडून त्याच दमात, 'प्रतीक्षा केल्याबद्दल धन्यवाद सर, मॉडेल नंबर सांगता का?'

मी परीक्षेत नापास झाल्याचं पहिल्यांदा तिला म्यूटवर सांगितलं. तिच्या मुलीला शाळेत चक्कर आली तेव्हा दादा धावत आले, हेडसेट स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाले, 'निघ तू, मी पाहतो हा कॉल.' कुणी तिची रजा लावली नाही. मी हे काही गोड आठवणी म्हणून सांगत नाही. पगार तेव्हाही तुटपुंजाच होता आणि नोकरीची शाश्वती तेव्हाही नव्हती. पण शेजारी बोललेलं शेजारीच राहतं, एवढा भरवसा होता.

मग ठेका नव्यानं झाला. जुने मॅनेजर गेले, बाहेरून साहेब आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर 'आपण एक कुटुंब' अशी पाटी लावली. त्याच आठवड्यात आमचे मोबाइल दारात पिशवीत जमा व्हायला लागले. ताई पाटीकडे बघून म्हणाली, 'कोन्या घरात पोराईचे फोन दारात जमा करतेत व?' रांगेत सगळे हसले. दादा हसले नाहीत, ते मागे साहेबांच्या काचेच्या खोलीकडे बघत होते.

साहेबांनी एक दिवस सगळ्यांना बसवून 'मनमोकळं बोला' अशी बैठक घेतली. चहा, समोसा. एका मुलीनं उठून सांगितलं की पाणी प्यायला गेलं तरी स्क्रीनवर लाल खूण येते, ती बंद करा. साहेब म्हणाले, 'व्हेरी गुड, असंच बोलायला हवं.' सोमवारी त्या मुलीची जागा साहेबांच्या काचेसमोर गेली. पुढच्या बैठकीत समोसे होते तसेच होते, बोलायला कुणी उठलं नाही. जेवणाच्या खोलीतही लोक भिंतीकडे तोंड करून खायला लागले. कोण कुणाला काय सांगतं, याचा हिशेब जो तो मनात ठेवू लागला. म्यूटवर मात्र आम्ही बोलत राहिलो. ती एकच जागा राहिली होती.

आमची चूक ती हीच. म्यूट दाबलं की आवाज ग्राहकाला जात नाही, हे खरं. पण तो रेकॉर्डिंगमध्ये जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दादांनाही माहीत नव्हतं, निदान तेव्हा तरी. जुन्या मॅनेजरच्या काळात तो भाग कुणी ऐकत नसे. नव्या साहेबांनी तो ऐकायला माणूस बसवला, आणि आम्हाला एका शब्दानं कळवलं नाही.

यंदा ऊन लवकर तापलं. उन्हाळ्यात फ्रिजच्या तक्रारी दुप्पट होतात. त्यात वरून नवं वाक्य आलं, प्रत्येक ग्राहकाला म्हणायचं, 'आपली तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत तंत्रज्ञ येईल.' स्क्रीनवर मात्र कितीतरी जिल्ह्यांपुढे 'तंत्रज्ञ उपलब्ध नाही' अशी ओळ असायची. ती ओळ आम्हाला दिसायची, ग्राहकाला दिसायची नाही. वाक्य म्हणायला चुकलं की गुण कापायचे.

अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी ताईचा आयडी लॉक झाला होता. असं झालं की दादा आपला आयडी लावून द्यायचे, कॉल वाया जाऊ नयेत म्हणून. तसा त्यांनी लावून दिला. दुपारी तिला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. तिकडे मराठवाड्यातले, रिटायर्ड. त्यांचा हा पाचवा फोन होता. बायकोची इन्सुलिनची इंजेक्शनं शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, शेजारी आता कुरकुरतो, असं ते सांगत होते. आवाज चढवत नव्हते. ते पावती शोधायला उठले आणि ताईनं म्यूट दाबलं.

'याच्या घरी कोनी जानारच नाई व,' ती मला म्हणाली. 'त्या जिल्ह्यात मानूसच नाई. आपन याले फसवून राहिलो. चार वेळा फसवलं, पाचव्यांदा मी फसवतो आता.'

मी म्हणाले, 'मग सांगून टाक ना त्याले, बाहेरचा मेकॅनिक बोलाव म्हना.' आणि पुढे साहेबांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईनं बटण सोडलं आणि म्हणाली, 'प्रतीक्षा केल्याबद्दल धन्यवाद सर. आपली तक्रार नोंदवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत तंत्रज्ञ येईल.' एकही शब्द न चुकता. त्या कॉलला तिला पैकीच्या पैकी गुण पडले, हे मी नंतर त्या लॅपटॉपवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ग्राहकाशी खोटं बोलली त्याचे पूर्ण गुण, आणि माझ्याशी खरं बोलली त्यापायी नोकरी गेली. याहून सोप्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी मला काचेच्या खोलीत बोलावलं. मॅडम एकट्याच होत्या. लॅपटॉपवर त्यांनी ताईचा आवाज लावला, 'आपन याले फसवून राहिलो' इथपर्यंत, आणि थांबवला. मी जे बोलले ते त्यात नव्हतं. कापलं होतं की पुढे होतं, मला ठाऊक नाही.

'आयडी तुमच्या टीम लीडरचा आहे,' मॅडम म्हणाल्या. 'पण आवाज बाईचा आहे. कोणाचा आहे, तू ओळखशील. शेजारीच बसतेस.'

मी म्हणाले, 'म्यूटवरचं तुम्ही ऐकता?'

'मी काय विचारलं?'

मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, 'बघ, कोणी ओळखलं नाही तर ज्याचा आयडी त्याची जबाबदारी. दादांची पंधरा वर्षं झालीत इथे. त्यांचं नाव लागावं असं तुला वाटतं का? की सरळ सांगतेस? ताकीद देऊन सोडू आम्ही. कुटुंब आहे आपलं.'

मी नाव सांगितलं. एका कागदावर 'सदर आवाज मी ओळखते' असं टाइप केलेलं होतं, त्याखाली सही केली. मला वाटलं, दादा वाचतील आणि ताईला ताकीद मिळेल. नाही, हे पुरतं खरं नाही. मला वाटलं की पुढचा भाग लावला तर माझा आवाज येईल, आणि सही केली तर कदाचित लावणार नाहीत. दोन्ही गोष्टी एकदमच डोक्यात होत्या. कोणती आधी आली ते आज मला सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी ताईला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, 'काहून बोलावलं होतं व?' मी म्हटलं, 'रजेचं.' तिनं डब्यातली अर्धी पुरणपोळी माझ्याकडे सरकवली, सणाची उरलेली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिला आत नेलं. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. हॉलमध्ये कॉल चालू होते. ती दोनदा दादांकडे वळून बघताना दिसली. दादा त्यांच्या टेबलाशी स्क्रीनकडे मान घालून बसले होते. म्यूटवर घरी असा म्हणून आम्हाला सांगणारा माणूस त्या दिवशी एकदा उठला असता, 'हे मीच शिकवलं' एवढं बोलला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. ते उठले नाहीत. मीही उठले नाही. तीन वीसला ती हातात पत्र घेऊन बाहेर आली, पाण्याची बाटली उचलली आणि दारातून आपला मोबाइल घेऊन गेली.

पत्रात एकच कारण आहे. 'ग्राहकसेवेदरम्यान गैरवर्तन.' त्यात कोणता कॉल ते नाही, काय बोलली ते नाही, म्यूटचा उल्लेख नाही.

मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. आता अमरावतीत कामगारांच्या एका छोट्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, ती गेटवर वाटते. लोक म्हणतात, तुझी भाषा फार टोचते. टोचू दे. ताईची गोष्ट हे माझं पहिलं पत्रक. 'म्यूटवर कान, कामगारांवर पाळत', असं मथळ्यात लिहिलं होतं. कंपनी, साहेब, मॅडम, सगळ्यांना धुऊन काढलं. ते घेऊन मी पातूरला तिच्या घरी गेले. नोकरी गेल्यापासून भेटले नव्हते.

तिनं ओसरीत बसून ते दोनदा वाचलं. सासरे आत खाटेवर होते, ऐकत होते हे दोघींनाही माहीत होतं. ती म्हणाली, 'लय चांगलं लिवलं. यात तुयी सही कुठी हाये?'

मी म्हणाले, 'खाली संघटनेचं नाव आहे.'

'ते नाई. त्या कागदावरची. मॅडमनं मले दाखवला होता तो, तुया सहीचा. तवाच दाखवला.'

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी काहीतरी बोलायला लागले, दादांचं नाव लागलं असतं वगैरे. ती मधेच म्हणाली, 'बस व. रडू नको, इथं रडायचा नंबर माया हाये.' मग आवाज खाली आणून सांगायला लागली. नोकरी परत नकोच होती तिला. पण दुसरीकडे मुलाखतीला गेली की आधीचं पत्र मागतात, आणि 'गैरवर्तन' वाचून पुढचं विचारतच नाहीत. ते एक वेळ चाललं असतं. घरात काय चाललं आहे ते जास्त वाईट होतं. बाईमाणसाच्या कागदावर 'गैरवर्तन' लिहिलं की गावात त्याचा एकच अर्थ काढतात. फोनवर माणसांशी बोलायचं काम, त्यात गैरवर्तन. नणंदेनं पत्र वाचून दाखवलं सगळ्यांना. ज्या सासऱ्यांनी तिला स्टँडवर सोडलं त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. मुलीला अकोल्याच्या शाळेत घालायचं ठरलं होतं, तो विषय आता कुणी काढत नाही.

'मले पैसे नाई पायजेत, माफी नाई पायजे,' ती म्हणाली. 'ते पूरं रेकॉर्डिंग पायजे. एकडाव मामंजीच्या कानाले लावतो. मी काय बोलली अन् कोनाशी बोलली ते त्याईनं ऐकावं. मंग बोलले नाई तरी चालते.'

मी पत्रकाच्या सगळ्या प्रती परत नेल्या. मॅडमच्या कागदावर मी सही केली, हेही त्यात घालून नव्यानं छापल्या.

आता गोष्ट कुठे अडली आहे ते सांगते. कामगार कार्यालयात आम्ही अर्ज दिला आहे. कंपनीचं म्हणणं असं की म्यूटवर बोलायची परवानगी कुणालाही, कधीही नव्हती, आणि ही बाई एकटीच तसं बोलायची. पूर्ण रेकॉर्डिंग द्यायला ते तयार नाहीत. ठरावीक मुदतीनंतर ती पुसली जातात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अधिकारी म्हणाले, 'हॉलमधल्या आणखी दोघा-तिघांनी लिहून दिलं, की म्यूटवर बोललं जायचं आणि तसं शिकवलंच होतं, तर कंपनीला रेकॉर्डिंग हजर करायला सांगता येईल. तुम्ही एकट्या, त्यात तुमची सही कंपनीच्या बाजूच्या कागदावर आहे.' त्यांचं बरोबर आहे. माझ्या साक्षीची किंमत मीच घालवली आहे.

म्हणून मी दारं वाजवली. अकोल्यात, मूर्तिजापुरात, आमच्या बडनेऱ्यात. आमच्या रांगेतल्या बहुतेकांच्या घरी गेले. दार उघडायला मुली आल्याच नाहीत. आई आली, भाऊ आला, बहुतेक वेळा वडील आले. सगळी शिकलेली घरं. एकाच्या दारावर वकिलीची पाटी. ते मला म्हणाले, 'मुद्दा कायद्यानं तुमच्या बाजूचा आहे. पण आमच्या पोरीला यात ओढू नका, तिची अजून नोकरी आहे.' मी म्हटलं, ताईचीही होती. ते म्हणाले, 'म्हणूनच.' आतल्या खोलीत पडद्यामागे ती मुलगी उभी होती, तिचे पाय मला दिसत होते. दुसऱ्या एका घरी, जिथे पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य चालतं, तिथल्या काकांनी मला बसवलं, सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बाई, तू फार कळकळीनं बोलतेस. पण दुसऱ्याच्या सुनेसाठी आम्ही का?' माझ्या स्वतःच्या वडिलांनी वेगळं काय केलं? मी सही करून आले त्या संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, 'ठीक केलंस. आपलं सुटलं ना.'

दादांच्या घरीही गेले. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि म्हणाले, 'मले माहीत हाये तू कायले आली. रिटायर व्हाले तीन वर्सं राह्यलीत माई. मले माफ कर.' त्यांचा मला राग येतो आणि तो पुरता येत नाही, कारण मी काय केलं ते मला माहीत आहे.

ही कंपनी वाईट आहे, हे लिहिणं सोपं आहे. मी ते पत्रकात लिहिलंच आहे, पुन्हा लिहीन. पण ती पाळत चालते ती साहेबांच्या यंत्रामुळे कमी आणि आमच्यामुळे जास्त. यंत्रानं आवाज साठवला, तो ओळखला मी. हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणी नाही. आणि ज्यांना बोलावंसं वाटतं त्यांना दाराच्या आत धरून ठेवतंय घर.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक त्या हॉलमध्ये बसलेले नाही. पण तुमच्यातल्या कुणाच्या तरी घरात कानाला हेडसेट लावून आठ तास बसणारी मुलगी, सून, भाऊ आहे, आणि अकोला-अमरावतीकडचे असाल तर तो हॉल आमचाच असू शकतो. तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते विनंती म्हणून मांडत नाही. आज जेवताना तिला विचारा, तू त्या हॉलमध्ये होतीस का, म्यूटवर बोला असं तुला सांगितलं होतं का. ती हो म्हणाली तर तिला गप्प बसायला सांगू नका. एक कोरा कागद द्या, तिला जे माहीत आहे तेवढंच लिहू द्या, तिची सही होऊ द्या, आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची स्वतःची सही करा. मग दोघं मिळून अकोल्याच्या कामगार कार्यालयात या आणि तो कागद आवक खिडकीवर द्या. या आठवड्यात या.